काय बदलावे, काय राखावे

एखादी संस्था बदलली तर ती तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. मनोरीच्या किनाऱ्यावर तो दर पावसाळ्यात डोळ्यांसमोर उभा असतो. मासेमारी बंद होते, होड्या ओढून वर घेतल्या जातात, शाकारून ठेवल्या जातात आणि डागडुजी सुरू होते. कुजलेली फळी काढून नवी ठोकतात, सांधे बुजवतात, तेल-रंग देतात. काही वर्षांत बहुतेक फळ्या बदलून जातात, तरी होडीचे नाव तेच राहते आणि तिला कोणी दुसरी होडी म्हणत नाही. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने थीसियस या पुराणकथेतील वीराच्या जहाजाविषयी हाच पेच नोंदवून ठेवला आहे. फळ्या एकेक करून सगळ्या बदलल्या, तर उरलेले जहाज थीसियसचे म्हणायचे की नाही, यावर त्या काळचे विचारवंत वाद घालत असत.

या पेचाला दुसरी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिडाच्या होड्यांना इंजिने बसू लागली. त्या वेळी होडीची एकही फळी बदलावी लागली नसेल, पण मासेमारी मुळापासून बदलली. होडी किती दूर जाणार, डिझेलचा खर्च कोणाच्या वाट्यातून कापायचा, कर्ज कोणाच्या नावावर काढायचे, वाऱ्याची पारख असलेल्या म्हाताऱ्या तांडेलाच्या शब्दाला किती वजन द्यायचे, हे सारे नव्याने ठरवावे लागले. बदललेल्या भागांची संख्या आणि बदलाची खोली ही दोन वेगळी मापे आहेत. संस्थेतील बदलाचे नियोजन बहुतेक वेळा पहिल्या मापाने होते: किती माणसे, किती शाखा, किती पैसा, किती महिने. फसते ते दुसऱ्या मापापाशी.

धर्मसंस्थेत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. व्यापारी कंपनीचा हेतूच बदलता येतो आणि ती बंदही करता येते. धर्मसंस्था मात्र मानते की आपल्याकडे जे आहे ते आपले नाही, सोपवलेले आहे. ठेव सांभाळणाऱ्याला तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार कितपत, हा तिथला मूळ प्रश्न. त्याचा अभ्यास करण्यासाठी मनोरीच्या ख्रिस्ती समाजाइतके जवळचे उदाहरण क्वचित सापडेल. गेल्या साठ वर्षांत रोममध्ये ठरलेला एक प्रचंड बदल देश, महाधर्मप्रांत आणि धर्मग्राम अशा पायऱ्या उतरत या खाडीकाठच्या गावांपर्यंत आला.

बेट, बोली आणि लॅटिन

मार्वेच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे मिळून जो भूभाग होतो त्याला जुने लोक धारावी बेट म्हणतात. डिसेंबर १५३४ मधील वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिला. या दोनशे वर्षांत इथले बरेच कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती झाले. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाच्या पुढाऱ्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली आणि ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ झाले.

राज्यकर्ते बदलले, समाजाचे नाव बदलले, पण चर्चमधल्या उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. घरात मराठीची बोली, वेदीवर लॅटिन. मधली जागा लोकांनी आपल्या रीतींनी भरली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि गाणी म्हणत घागरी भरून आणतात, हे ‘उंबराचं पाणी’. नव्या भाताची कणसे चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागायचा सण म्हणजे ‘आगेरा’. या रीती कोणत्याही समितीने आखल्या नाहीत. पुढे ज्याला धर्माचे स्थानिक संस्कृतीत रुजणे म्हटले गेले, ते इथे आराखड्याशिवाय आधीच झाले होते. नियोजकाच्या दृष्टीने ही पहिली महत्त्वाची नोंद आहे. बदल आणायला निघालेला माणूस कोऱ्या जागेत येत नाही. त्याच्या आधी लोकांनी आपापल्या सोयीने, श्रद्धेने बरेच काही जुळवून घेतलेले असते, आणि ते कुठल्याही दफ्तरात लिहिलेले नसते.

न बदलणारे आणि बदलणारे

पोप तेविसावे जॉन यांनी २५ जानेवारी १९५९ रोजी विश्वपरिषद बोलावण्याचा मनोदय जाहीर केला. दुसरी व्हॅटिकन परिषद ११ ऑक्टोबर १९६२ रोजी सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ रोजी संपली. जगभरातील दोन हजारांहून अधिक बिशपांनी तिच्यात भाग घेतला आणि सोळा दस्तऐवज संमत झाले. त्यांतला पहिला उपासनेविषयीचा होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी तो २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला.

या दस्तऐवजाने सुधारणेचा पाया एका भेदावर उभा केला. उपासनेचा काही भाग दैवी मूळ असलेला, म्हणून न बदलणारा. बाकीचा काळाबरोबर बदलू शकणारा, आणि त्यात मुळाशी न जुळणारे काही शिरले असेल तर बदलायलाच हवा असा. त्यापुढे दोन अटी आहेत. कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी त्याचा धर्मशास्त्रीय, ऐतिहासिक आणि भाविकांच्या गरजांच्या अंगाने अभ्यास व्हावा. नवे रूप जुन्यातून झाडाला फांदी फुटावी तसे फुटावे, आणि ख्रिस्तसभेच्या हिताची खरी, निश्चित गरज असल्याशिवाय नवे काही आणू नये.

या विचारामागे मोठी परंपरा आहे. पाचव्या शतकात लेरँसच्या व्हिन्सेंट या संन्याशाने वाढ आणि पालट यांत फरक केला होता. बालक मोठे होते तेव्हा त्याचे अवयव वाढतात, पण माणूस तोच असतो; एका वस्तूची दुसरी वस्तू झाली तर ती वाढ नव्हे. १८४५ मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी धर्मसिद्धान्तांच्या विकासावर ग्रंथ लिहिला आणि खरी वाढ कोणती, बिघाड कोणता हे ओळखण्याच्या कसोट्या मांडल्या.

मराठी वाचकाला हा भेद परका नाही. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तेव्हा पवित्र वचनाची भाषा बदलली तर वचन तेच राहते का, हाच प्रश्न होता. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेद काढले, पण स्वतःची ओवी मिसळली नाही, आणि पुढच्यांनीही मिसळू नये असे बजावले. एकाने धाडसाने रूप बदलले, दुसऱ्याने काटेकोरपणे मूळ राखले, आणि वारकरी परंपरेला दोघेही वंद्य आहेत. ख्रिस्ती परंपरेतही १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने बायबलची कथा ओवीबद्ध मराठीत आणली होती. उपासनेत मराठी येण्यापूर्वी साडेतीनशे वर्षे धर्मकथा मराठीत आली होती.

कोणत्याही आकाराच्या बदलाआधी हा भेद लिहून काढणे ही पहिली पायरी होय. काय बदलणार याच्या याद्या सगळेच करतात. काय बदलणार नाही याची यादी फार थोडे करतात, आणि लोकांना आधार त्या दुसऱ्या यादीचा असतो.

टप्पे आणि त्यांचा वेग

तत्त्व ठरल्यावर अंमलबजावणी टप्प्यांनी झाली. २६ सप्टेंबर १९६४ रोजी पहिली सूचना निघाली. ती ७ मार्च १९६५ पासून लागू झाली आणि मिस्सेचे, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचे, बरेच भाग लोकभाषेत आले. ३ एप्रिल १९६९ रोजी नव्या मिस्साग्रंथाची घोषणा झाली आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून त्याचा वापर सुरू झाला. याआधीची मोठी सुधारणा ट्रेंटच्या परिषदेनंतरची. ती परिषद १५४५ ते १५६३ चालली, तिच्यातून निघालेला मिस्साग्रंथ १५७० मध्ये आला आणि किरकोळ फेरफारांसह चारशे वर्षे टिकला. चारशे वर्षे स्थिर राहिलेले रूप पाच-सहा वर्षांत पालटले. मुंबईला या पालटाचा वारा लवकर लागला. सुधारणा नुकत्याच सुरू होत होत्या तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबर १९६४ मध्ये, अडतिसावी आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद याच शहरात भरली आणि पोप सहावे पॉल तिच्यासाठी आले. भारतात आलेले ते पहिले पोप. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यजमान होते.

आराखडा आणि परिणाम यांत अंतर पडले. मूळ दस्तऐवजाने लॅटिन राखून लोकभाषेला अधिक वाव द्यावा असे म्हटले होते. प्रत्यक्षात काही वर्षांतच बहुतेक ठिकाणच्या मिस्सेतून लॅटिन जवळजवळ नाहीसे झाले. एकदा दार उघडल्यावर लोक किती आत येतील हे दार उघडणाऱ्याच्या हाती राहत नाही. लोकांना आपली भाषा हवीच होती. म्हणून मोठ्या बदलाच्या नियोजनात पहिल्या टप्प्यानंतर थांबून पाहण्याची जागा राखावी लागते. काय घडते आहे ते पाहून पुढचा टप्पा ठरवायचा असतो.

चर्चमध्ये बसलेल्या माणसाला हा बदल कसा दिसला, हे एका लहान वस्तूवरून कळते. जुन्या मिस्सेत धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे राहत. प्रार्थनेचा गाभा ते हलक्या आवाजात लॅटिनमध्ये म्हणत. मागे बसलेल्यांना ना ऐकू येई ना समजे, म्हणून ती घडी आली की सेवकमुलगा हातातली घंटा वाजवी. घंटा वाजली की ओठांवरची जपमाळ थांबे, माना खाली जात. पुढे धर्मगुरू लोकांकडे तोंड करून त्यांच्याच भाषेत बोलू लागले. आता घडी आपोआप कळत होती, म्हणून नव्या नियमांत घंटा ऐच्छिक झाली. तरी पुष्कळ ठिकाणी लोकांनी ती सोडली नाही.

घंटेचे जाहीर काम सूचना देण्याचे होते. तिचे दुसरे काम कोणी लिहून ठेवले नव्हते: ती माणसाला एकाएकी शांत करत असे. जपमाळेचेही तसेच. लॅटिन कळत नसल्याने लोक मिस्सेच्या वेळी स्वतःची प्रार्थना करत बसत. सुधारकांना ही उणीव दिसली, आणि ती होतीच; लोकांनी उपासनेत जाणीवपूर्वक, कृतीने सहभागी व्हावे हा परिषदेचा मुख्य हेतू होता. पण त्या उणिवेच्या पोटात खाजगी शांततेचा एक तास होता, आणि दिवसभर मासळी निवडून, विकून, घर चालवून आलेल्या बाईला तो तास इतरत्र कुठे मिळत नव्हता. जी. के. चेस्टरटन यांनी १९२९ मध्ये रस्त्यात आडव्या घातलेल्या कुंपणाचे उदाहरण दिले होते. कुंपण कशासाठी घातले हे ज्याला माहीत नाही त्याने ते काढू नये; कारण कळल्यावर काढायचे असेल तर खुशाल काढावे. घंटेची गोष्ट याच्याही पुढे जाते. एकाच रूढीची कामे अनेक असतात, आणि नियोजकाला त्यांतले बहुधा एकच दिसते. बाकीची कामे ती रूढी पाळणाऱ्यांनाच ठाऊक असतात. म्हणून बदलाआधी त्यांना विचारणे हा सौजन्याचा नव्हे, ज्ञानाचा प्रश्न आहे.

कोणाच्या पातळीवर काय ठरावे

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या सामाजिक परिपत्रकात एक तत्त्व मांडले: जे काम लहान समूह नीट करू शकतो ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. पोपनी ते राज्य आणि समाज यांच्याविषयी सांगितले असले तरी संस्थेच्या आत ते तितकेच लागू पडते, आणि ते न पाळल्यास काय होते हेही याच बदलात दिसते.

देशपातळीवर बंगळुरू येथे १९६७ मध्ये बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. फादर डी. एस. अमलोरपवदास हे त्याचे संस्थापक. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय उपासनेसाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. जमिनीवर बसणे, पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, समई, आरती अशा गोष्टी त्यांत होत्या. हेतू चांगला होता, पण दोन बाजूंनी आक्षेप आले. काहींना आपला धर्म हिंदू केला जातो आहे असे वाटले. पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी वेगळाच प्रश्न केला: भारतीय म्हणून जी संस्कृती निवडली ती कोणाची? समई आणि संस्कृत मंत्र ही ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांची आठवण नव्हे.

धारावी बेटावरून पाहिले तर हा प्रश्न आणखी स्पष्ट होतो. इथल्या लोकांची भारतीयता उंबराच्या पाण्यात आणि आगेऱ्याच्या कणसांत आहे. राष्ट्रीय यादीत गावाची विहीर बसत नाही. मोठ्या पातळीने तत्त्व द्यावे आणि रूप लहान पातळीवर सोडावे, असे पायस यांचे तत्त्व सांगते. रूपही वरूनच आले, तर परकेपणा फक्त एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणी जातो.

महाधर्मप्रांताच्या पातळीवर ‘लोकांची भाषा’ हे शब्दच अडचणीचे ठरतात. मुंबईत गोव्याकडचे, मंगळूरचे, तमिळ, मल्याळी आणि ईस्ट इंडियन भाविक एकाच चर्चमध्ये येतात. कोकणी, इंग्रजी, मराठी यांतली कोणती लोकभाषा? मराठी म्हटले तर प्रमाण मराठी की घरची बोली? शहराच्या मोठ्या भागात इंग्रजीने जागा घेतली. खाडीपलीकडच्या गावांत मराठीचा आधार टिकला. लॅटिन जाऊन आलेली भाषा समोरच्या कुटुंबाच्या घरात बोलली जाते का, हे रोमला किंवा बंगळुरूला ठरवता येत नाही. ते त्या धर्मग्रामालाच ठाऊक असते.

मधल्या आकाराचे बदल

लहान आणि प्रचंड यांच्या मधल्या आकाराच्या बदलांत व्यक्तींना सर्वाधिक महत्त्व येते. मुंबईत याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

पहिले सत्तांतराचे. मुंबईच्या आर्चबिशपपदावर एकदा पोर्तुगीज, एकदा इंग्रज अशी आळीपाळी करारानेच ठरली होती. १९३७ मध्ये आलेले थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज येशूसंघीय. आपल्यानंतर भारतीय माणूस यावा असे त्यांनी ठरवले. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस साहाय्यक बिशप झाले. रॉबर्ट्स मुंबईपासून दूर राहिले आणि कारभार ग्रेशियस यांच्या हाती येऊ दिला. १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. बदल घडवणाऱ्याने स्वतः बाजूला होऊन जागा रिकामी करणे हे सर्वांत अवघड काम, आणि ते रॉबर्ट्स यांनी कोणी ढकलण्यापूर्वी केले.

दुसरे विभाजनाचे. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. मनोरी आणि गोराई ही गावे मुंबईतच राहिली. विभाजनात माणसे, मालमत्ता, जबाबदाऱ्या वाटाव्या लागतात, पण खरा लाभ दुसरा असतो: जे मोठ्या संस्थेत एका कोपऱ्यात होते ते नव्या संस्थेत मध्यभागी येते. वसईत मराठी मध्यभागी आली. तिथली भूमी तयारही होती. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन अनेक वर्षे केले होते. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले, साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार त्याला मिळाला, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

जोडणे तोडण्याहून अवघड. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वाटाघाटी १९२९ मध्ये सुरू झाल्या होत्या. म्हणजे एकेचाळीस वर्षे लागली. बिशप असणाऱ्या आणि नसणाऱ्या, बालकांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या मंडळ्यांना एका छपराखाली यायचे होते. इतक्या तयारीनंतरही मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. याला नियोजनाचे अपयश म्हणणे चुकीचे आहे. बाहेर राहण्याचा मार्ग शेवटपर्यंत खुला होता, म्हणूनच आत आलेल्यांच्या येण्याला अर्थ राहिला.

विरोधाचा अर्थ

व्यवस्थापनशास्त्रात बदलाविषयी दोन मांडण्या फार प्रसिद्ध आहेत. कर्ट लेविन यांनी १९४७ मध्ये तीन अवस्था सांगितल्या: साचा सैल करणे, बदलणे, पुन्हा घट्ट करणे. जॉन कॉटर यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात आठ पायऱ्या दिल्या. निकडीची जाणीव करून देण्यापासून नवी पद्धत संस्कृतीत मुरवण्यापर्यंत. दोन्ही उपयोगी आहेत. पण त्यांच्या चौकटीत विरोध हा बहुतांशी ओलांडायचा अडथळा असतो. श्रद्धेच्या क्षेत्रात विरोध ही साक्षही असू शकते. न्यूमन यांनी १८५९ मध्ये लिहिले की सिद्धान्ताच्या बाबतीतही सामान्य भाविकांचा कौल विचारात घ्यावा, कारण चौथ्या शतकातील मोठ्या वादात पुष्कळ बिशप डळमळले असताना साध्या लोकांनी श्रद्धा टिकवली होती.

विरोध दाबला तर तो विरून जात नाही. उपासनेतील सुधारणा न मानणाऱ्या आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० मध्ये वेगळा संघ स्थापला. १९८८ मध्ये पोपच्या अनुमतीविना चार बिशपांना दीक्षा दिल्यावर ते बहिष्कृत झाले. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या मिस्सेला व्यापक मुभा दिली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली. २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी झालेला निर्णय साठ वर्षांनंतरही काहींच्या मनात उतरलेला नाही. बहुमत निर्णय वैध करते. तो आपला वाटण्यासाठी स्वीकार लागतो, आणि स्वीकाराला मतदान चालत नाही, काळ लागतो.

अलीकडे हा धडा कार्यपद्धतीत उतरला आहे. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या कारभारयंत्रणेच्या सुधारणेसाठी आठ कार्डिनलांचे मंडळ नेमले. मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस त्यांत होते. त्या यंत्रणेची नवी घटना १९ मार्च २०२२ रोजी, नऊ वर्षांनी, जाहीर झाली. २०२१ ते २०२४ या काळात झालेल्या चर्चच्या महासभेने (सिनडने) तर क्रमच उलटा केला: प्रश्न आधी धर्मप्रांतांकडे आणि धर्मग्रामांकडे गेले, मग खंडांकडे, शेवटी रोमला. मुंबईला खालून सुरुवात करण्याचा अनुभव आधीपासून होता. बिशप बॉस्को पेन्या यांच्या पुढाकाराने इथे शेजारच्या काही घरांचे लहान ख्रिस्ती समूह उभे राहिले, जिथे लोक एखाद्याच्या घरी जमून बायबल वाचतात, प्रार्थना करतात आणि गल्लीतल्या अडचणी बोलतात.

आकारानुसार रीत

या सर्वांवरून बदलाच्या आकारानुसार रीती वेगळ्या कशा असाव्यात हे सांगता येते. मिस्सेची वेळ बदलणे, नवी गाणी आणणे, बाकांची रचना फिरवणे हे धर्मग्रामाचे बदल. त्यांना जाड अहवाल नको. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्याशी समोरासमोर बोलणे, काही महिने करून पाहणे आणि जमले नाही तर मोकळेपणाने मागे घेणे पुरते. मात्र लहान जागी प्रत्येक बदलाला चेहरा असतो. एखादे गाणे वगळले म्हणजे ते पस्तीस वर्षे गाणाऱ्या माणसाला वगळले, असे होते. मधल्या बदलांना नेमलेली व्यक्ती, लेखी वाटणी, मुदत आणि जुन्या अधिकाऱ्याने केव्हा दूर व्हायचे याचे स्पष्ट उत्तर लागते. प्रचंड बदलांना तत्त्वाचा दस्तऐवज, टप्पे, मधले थांबे, आणि पिढीभर वाट पाहण्याची तयारी लागते.

चुकाही आकारानुसार होतात. लहान बदलाला मोठ्याची सामग्री लावली तर बैठका आणि कागद यांतच उत्साह संपतो. मोठ्या बदलाला लहानाची रीत लावली, म्हणजे रविवारी सूचना वाचून सोमवारपासून अंमल केला, तर लोक हजर राहतात पण मनाने निघून जातात. तिसरी चूक सर्वांत घातक: खोल बदल किरकोळ म्हणून करणे. होडीला इंजिन बसवताना ती फळी बदलल्याइतकीच साधी गोष्ट आहे असे सांगितले, तर पुढे वाट्याचे, कर्जाचे आणि मानाचे प्रश्न उभे राहतात तेव्हा लोकांना फसवले गेल्यासारखे वाटते, आणि त्यांचे म्हणणे खरे असते.

कोणत्याही आकाराला तीन कर्तव्ये समान आहेत. काय बदलणार नाही ते आधी सांगावे. जे जाणार आहे त्याची हानी कोणाला सोसावी लागेल हे शोधून त्या माणसाला आधी भेटावे. आणि ज्याने निर्णय घेतला त्याने परिणाम होईपर्यंत उत्तर द्यायला उपलब्ध राहावे. सत्ता सोडली तरी जबाबदारी सोडू नये. ही कर्तव्ये कार्यक्षमतेसाठी नाहीत. ज्या रीतींतून माणसे आपल्या मृतांना निरोप देतात, मुलांची लग्ने लावतात आणि भरलेल्या होडीसाठी आभार मानतात, त्या रीती निर्णय घेणाऱ्याच्या मालकीच्या नसतात. दुसऱ्याच्या ठेवीला हात लावायचा तर तिच्या धन्याला विचारून लावावा. धर्मग्राम लहान असो की विश्वपरिषद मोठी, न विचारता केलेला चांगला बदलही अन्यायच असतो.